रिकामी बैठक आणि सहा पेले

आमच्या शेडमध्ये बैठकीखाली तांब्याची कात्रणं साठतात. वर्षातून एकदा ती पोत्यात भरायची, भट्टीला पाठवायची, वितळून परत पत्रा होऊन येतात. किश्शांचं तसं करता येत नाही. ते तिथंच पडून राहतात आणि बसायला गेलं की बुडाला टोचतात.

परवा मराठी मंडळाचा एक जण आला. म्हणाला, "काका, तुमच्या कामातलं काहीतरी मजेशीर लिहून द्या ना अंकासाठी." म्हटलं, मजेशीर आहे का ते तुम्ही ठरवा. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही कन्नड शाळेत. चुका खुशाल दुरुस्त करा. किस्से दुरुस्त करू नका.

तर आधी शेडबद्दल. के. आर. पुरमला रेल्वेलाइनीच्या मागं आम्हा तांबटांची पत्र्याची शेड आहे. पाच घरं, पाच बैठका. बैठक म्हणजे जमिनीत रोवलेला लाकडाचा ओंडका, त्यात ठोकलेली लोखंडी खरवई, जिच्यावर भांडं उलटं धरून ठोकायचं, आणि पुढ्यात एक माणूस मांडी घालेल एवढी जागा. प्रत्येक बैठकीमागं एक खोली. नियम असा, की ज्याची बैठक त्याची खोली. घरात पत्र्यातून हातानं पेला ठोकणारं माणूस उरलं नाही तर वर्षभर वाट बघायची. तोवर कोणी सहा पेले ठोकून आम्हा म्हाताऱ्यांच्या परीक्षेत उतरलं नाही, तर बैठकही जाते आणि खोलीही. नियम आमच्याच बापांनी केला. ते मूर्ख नव्हते. पण आपल्या घरातले हात कधी संपतील असं त्यांना वाटलं नसावं.

माझे हात पाच वर्षांपासून कापतात. चहाची बशी धरली तरी किणकिण वाजते. म्हणून बैठकीवर मुलगा बसायचा, मोहन. त्याला पुलाखाली पाण्याच्या टँकरनं नेला. मागं राहिलो मी, आमची म्हातारी आणि सून शोभा.

\* \* \*

तांबट सगळे बहिरे. जन्मभर लोखंडावर तांबं आणि तांब्यावर लोखंड, कान राहणार कसे? आम्ही कुजबुजतो तेव्हा रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघतात.

मोहनला दारात ठेवला होता. भीमाअण्णा, म्हणजे आमच्या पाच घरांतला सगळ्यांत थोरला, माझ्या शेजारी बसला होता. तो शेजारच्याच्या कानाशी लागला आणि त्याच्या मते अगदी हळू म्हणाला, "आता ही बैठक कोणाची? माझा पुतण्या मोकळाच आहे."

वरचा पत्रा घुमला. आख्ख्या गल्लीनं ऐकलं.

आत बायकांमध्ये शोभा बसली होती. ती काहीतरी बोलली. आम्हा बहिऱ्यांना काय कळतंय? आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय. मग आमची म्हातारी उठून दारात आली आणि ओरडली, "ती म्हणतेय, बैठक माझी."

भीमाअण्णा दचकला. म्हणाला, "स्वल्प हळू बोला अक्का. घरात मयत आहे."

\* \* \*

शोभा कोरमंगलाच्या एका सुपरमार्केटात बिलं करायची. वय अडतीस. आमच्याकडं बायका भांडी उजळतात, कल्हईला मदत करतात, पण बैठकीवर कोणी बाई बसली नव्हती. तिनं तेरावा उरकला, नोकरी सोडली आणि चौदाव्या दिवशी मोहनच्या जागेवर मांडी घालून बसली. कानांत कापसाचे बोळे होते.

मी तिच्यापुढं तांब्याची चकती टाकली. पेला करायचा म्हणजे काय? चपटी चकती घ्यायची, ओंडक्याच्या खळग्यात लाकडी मोगरीनं दाबून वाटीसारखी करायची, मग खरवईवर घालून हातोडीनं फेरे मारत तिच्या भिंती वर चढवायच्या. ठोकता ठोकता तांबं कडक होतं. कडक झालं की विस्तवात घालून लाल करायचं, म्हणजे ताव द्यायचा, की ते परत मऊ. ताव द्यायला उशीर झाला तर पेल्याला चीर जाते आणि दोन दिवसांचं काम भंगारात.

पहिला पेला चिरला. दुसरा चिरला. सातवा चिरला तेव्हा तिनं विचारलं, "मामा, कडक झालं हे कळतं कसं?"

"आवाजावरून. मऊ तांबं ठप्प बोलतं. कडक झालं की टण्ण."

ती कानावर हात ठेवून बसून राहिली. मी म्हटलं, "कान वाचवायचे की खोली?"

तिनं बोळे काढून विस्तवात टाकले. आठवा पेला चिरला नाही.

याला आता वर्ष होत आलं. पूर्वी आमच्या घरी कुकरच्या शिट्ट्या शोभा मोजायची. म्हातारी मोजण्यात कच्ची, मला ऐकू येत नाही. आता शिट्ट्या मोजणारं कोणी उरलेलं नाही. करपल्याचा वास आला की आम्ही भात उतरवतो.

\* \* \*

दर रविवारी कोरमंगलाहून एक पुण्याचा मुलगा यायचा. कौस्तुभ. आयटीत होता, पीजीत राहायचा. त्याला स्वतःच्या हातानं पेला करायचा होता. का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणायचा, "काका, दिवसभर स्क्रीन बघून मी डेड होतो. इथं मला जिवंत वाटतं." आमच्यातला एक मेल्यामुळं त्याला रविवारी मोहनची जागा मिळत होती.

चार रविवार ठोकून त्यानं एक पेला उभा केला. वाकडा, पण पेलाच. मी म्हटलं ठेव इथं, आतून कल्हई करून देतो. तो म्हणाला, नको, आतूनही तांब्याचाच रंग हवा, रॉ लुक. मी सांगितलं, आंबट घालू नकोस. तो "येस येस" करत घेऊन गेला.

त्याच आठवड्यात त्यानं मित्रांना बोलावलं. पेल्यात लिंबू पिळलं, त्यात काय ती दारू घातली, फोटो काढले आणि उरलेलं रात्रभर तसंच ठेवून सकाळी प्यायला. दवाखान्यात गेला.

तिथून मला फोन आला. फोन शोभाच्या कानाला, ती ओरडून मला सांगतेय. मी म्हटलं आता हा शिव्या घालणार. कॉटवरून, हाताला सुई टोचलेली, ओकून ओकून आवाज बसलेला, आणि विचारतोय काय?

"काका, आतून मस्त हिरवा रंग आलाय. तो तसाच टिकवता येईल का?"

\* \* \*

याच कौस्तुभनं एक दिवस शोभाला अक्कल शिकवली. म्हणाला, "ताई, एवढं कशाला मरायचं? पेठेत मशीनवर दाबलेले पेले मिळतात. सहा आणायचे, वरून हातोडीचे ठोके मारायचे. दिसायला सेम टू सेम. त्या म्हाताऱ्यांना कोण सांगणार आहे?"

मी त्याला शेडबाहेर काढला. पुढच्या रविवारी तो परत आला, ती गोष्ट वेगळी.

त्यानंतर काही दिवसांनी मी जेवायला बसलो. शोभानं माझ्यापुढं पाण्याचा पेला ठेवला. नवा होता, सुबक ठोके होते. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरीचा हात बसला. दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला आणि तसाच भिंतीवर भिरकावला.

हातानं ठोकलेला पेला बुडाशी जाड असतो, पोटात पातळ आणि ओठाशी परत जाड. हा सगळीकडं एकसारखा. मशीनचा! माझ्याच घरात, माझ्याच ताटापाशी. मी तिला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मोहनचं नाव काढलं. तिच्या बापाचंही काढलं.

तिनं पेला उचलला, पुसला आणि शांतपणे विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"ओठाला लागल्याबरोबर."

"भीमाअण्णांना?"

"त्याला हातात घेतल्याबरोबर कळेल."

तिनं मान हलवली. "सरी, बरं. म्हणजे शिकावंच लागणार."

आणि मला भात वाढला.

\* \* \*

शिकवायला हात लागतात आणि माझे तर असे. म्हणून मी बोटानं दाखवायचो. इथं मार, आता इथं, आता इथं. ती बोटाच्या मागोमाग हातोडी आणायची. मी बोट उचललं की ठोका.

एकदा मी म्हटलं, "इथं." बोट उचलायला गेलो तर ते उचललंच जाईना, तिथल्या तिथंच कापत राहिलं. ठोका बसला. नख गेलं, खालचं पेरही चेपलं.

मी ओरडलो नाही. या धंद्यात बोट चेपल्यावर ओरडायची सवय राहत नाही. तिची नजर पेल्यावर. पुढचे दोन फेरे तिनं तसेच पूर्ण केले. मग पत्र्यावर लाल दिसलं तेव्हा म्हणाली, "मामा, हात काढा. तांबं डागाळतंय."

समोरच्या बैठकीवरून भीमाअण्णा सगळं बघत होता. इतके महिने तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्याच्या मते बाईमाणसानं हातोडी धरणं म्हणजे बापांचा अपमान. आताही तिच्याशी बोलला नाही, माझ्याशी बोलला.

"तुळशा, काठीनं दाखव. बोटं तुला जेवायला लागतील."

ते बोट आता वाकत नाही. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हिला जमेल.

\* \* \*

मोहनचा शेवटचा पेला अर्धा राहिला होता. भिंती निम्म्या चढलेल्या, ओठ काढायचा बाकी. तो त्याच्या बैठकीजवळच्या कोनाड्यात होता. आमची म्हातारी त्यावर रोज एक फूल ठेवायची.

वर्ष भरायला थोडे दिवस उरले होते. त्या दिवशी पत्रा संपला होता आणि नवा आला नव्हता. शोभाला एक दिवसही फुकट घालवायचा नव्हता. तिनं कोनाड्यातलं फूल बाजूला ठेवलं आणि तो पेला खरवईवर घातला.

आता मोहनची एक सवय होती. संध्याकाळी उठताना हातातल्या कामाला तो ताव देऊन ठेवायचा, मग आंबटात बुडवून उजळून ठेवायचा, म्हणजे सकाळी आल्याबरोबर ठोकायला घेता यावं. बाकी आम्ही सगळे सकाळी ताव देतो. ही त्याची पद्धत शोभाला माहीत होती. त्याच्या हातांना रोज रात्री जळक्या तांब्याचा वास यायचा, तिला माहीत नसणार तर कोणाला? म्हणून तिनं ताव दिला नाही. सरळ हातोडी घेतली.

पहिल्याच ठोक्याला आवाज कडक आला. तिनं तो ऐकला असणार. पण तिचा आवाजापेक्षा नवऱ्यावर विश्वास जास्त. तिसऱ्या ठोक्याला पेला काठापासून बुडापर्यंत फाटला. तो आवाज मलासुद्धा ऐकू आला.

म्हातारी खोलीतून बाहेर आली. पेल्याकडं बघत उभी राहिली.

शोभा म्हणाली, "त्यांनी ताव देऊन ठेवला असेल असं धरलं मी."

"रोज द्यायचा," म्हातारी म्हणाली. "त्या दिवशी घाईत होता."

आणि आत गेली.

घाई मी केली होती. कल्हईचा नवसागर संपला होता. हातातलं ठेव आणि आत्ताच्या आत्ता घेऊन ये, असं मीच त्याला म्हणालो होतो.

\* \* \*

आता शेवटचा. वर्ष भरलं. भीमाअण्णाचा पुतण्या नवे कपडे घालून शेडमध्ये येऊन उभा राहिला. त्यानं खोलीचं माप आदल्या दिवशीच घेऊन ठेवलं होतं, टेप लावून, आमची म्हातारी आत पडलेली असताना.

आमची परीक्षा अशी असते. तीन दिवसांत कोऱ्या पत्र्यातून सहा पेले. सहावा देवीपुढं ठेवायचा. बाकीचे पाच पाण्यानं काठोकाठ भरायचे आणि पाच घरांच्या पाच म्हाताऱ्यांनी एकेक आपल्या कोरड्या तळहातावर धरायचा. अर्धी उदबत्ती जळेपर्यंत. मग पेला उचलून तळहात दाखवायचा. ठोकताना कुठं पत्रा फार पातळ झाला असेल, सुईच्या टोकाएवढं भोक असेल, तर हात ओला होतो. एक जरी हात ओला निघाला तरी बैठक गेली. तिथं परत संधी वगैरे नाही.

शोभानं तीन दिवस पाठ टेकली नाही. पेले मी लांबून बघितले. चांगले होते. माझ्यापेक्षा चांगले होते असं मी म्हणणार नाही, पण चांगले होते.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही शेडच्या दारात उन्हात ओळीनं बसलो. भीमाअण्णा मधे, मी कडेला. चौघांनी पुढं होऊन आपापला पेला उचलला. मी उठायच्या आत शोभा आली आणि माझा पेला तिनं स्वतः माझ्या हातावर ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

उदबत्ती लावली. माझा हात कापतोय. काठोकाठ भरलेलं पाणी हिंदकळून बोटांवरून, मनगटावरून खाली गळतंय. माझा हात पहिल्या क्षणापासून ओला. त्याला कोण काय म्हणणार? तुळशाचा हात कापतो हे आख्ख्या के. आर. पुरमला माहीत आहे.

पण मी पन्नास वर्षं पेले ठोकले आहेत. वरून सांडलेलं पाणी तळहाताच्या कडेनं जातं. आणि मला तळहाताच्या मधोमध गार लागत होतं. थेंब. जरा वेळानं दुसरा थेंब.

आयुष्यात मी कोणाचा वाईट पेला चालवून घेतला नव्हता. पोटच्या मुलाचे बारा पेले मी त्याच्यासमोर ठेचून सपाट केले होते. मी समोर बघत बसलो. पुतण्या खोलीच्या दाराला टेकून उभा होता. आत म्हातारी.

अर्धी उदबत्ती जळली. एकेक हात वर झाला. कोरडा. कोरडा. कोरडा. भीमाअण्णाचा कोरडा.

भीमाअण्णानं विचारलं, "तुळशा, ओला?"

"हात कापतोय," मी म्हणालो. "दिसत नाही?"

आणि कोणी काही बोलायच्या आत मी ते पाणी पिऊन टाकलं. घटाघटा, शेवटच्या थेंबापर्यंत. पेला माझ्या मुठीत. पुतण्या पुढं आला, म्हणाला, काका, तो पेला बघून घ्या. भीमाअण्णानं हात पुढं केला. मला द्यावा लागला.

भीमाअण्णाचा मोतीबिंदू गेल्याच वर्षी काढलाय. सुईत दोरा तो स्वतः ओवतो. त्यानं पेला उलटासुलटा केला, नखानं वाजवला, मग बूड सूर्याकडं करून आत डोळा लावला. दुसरा डोळा मिटला. शोभा त्याच्यासमोर उभी होती, हात पदराला पुसत. पुसायला हातांवर काही नव्हतं.

मग त्यानं पेला चेहऱ्यापासून जरा लांब धरला. मी कडेला होतो म्हणून मला दिसलं. त्याच्या गालावर, डोळ्याच्या खाली, उन्हाचा एक ठिपका पडला होता. मोहरीएवढा. पेला हलला की ठिपका हलायचा.

भीमाअण्णानं पेला खाली ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा सरळ तिच्या तोंडाकडं बघितलं आणि रिकाम्या बैठकीकडं हात केला.

म्हणाला, "बैस."